सातव्या घरातला नी

अप्पा गेल्याची बातमी मला एका फ्लेक्सनं दिली. नांदेडच्या प्रेसमधून पत्रकांचा गठ्ठा घेऊन मी एसटीनं मुखेडला उतरले, फोन वाटेतच बंद पडलेला, आणि स्टँडसमोर अप्पांचा फोटो टांगलेला दिसला. खाली लाल अक्षरं : ‘नव्या जिल्ह्याच्या आंदोलनाचा सूर हरपला.’ रडू आलं नाही. आधी राग आला, कारण ते वाक्य खोटं आहे. असली वाक्यं मी स्वतःच लिहिते, म्हणून ठामपणे सांगते. शिवलिंगअप्पांनी आमच्या आंदोलनाला सूरबीर काही दिला नाही. आमच्या गल्लीत त्यांचं भांड्यांचं दुकान होतं, आणि आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्यांना एकच गोष्ट हवी होती : दहा घरांच्या, म्हणजे दहा भोकांच्या, माउथ ऑर्गनवर सा, ग, प आणि नी हे चार सूर एकदम वाजावेत, आणि तेही एकट्यानं वाजवता यावेत. फ्लेक्स लागून काही आठवडे झाले. अजून कुणी काढलेला नाही. म्हणून हे लिहिते आहे.

हे चार सूर एकत्र आले की जॅझवाले त्याला मेजर सेवन्थ म्हणतात. अप्पांनी ते मोबाईलवर ऐकलं होतं, कुणा टकल्या गोऱ्याचं. “पेढा खाल्ला आन् दाताखाली वेलदोडा आला, तसं वाटलं,” असं ते सांगायचे. अडचण अशी की या बाज्यात चौथ्या, पाचव्या, सहाव्या घरात फुंकलं की सा-ग-प मिळतात. नी अगदी शेजारी, सातव्या घरात. पण तो श्वास आत ओढल्यावरच वाजतो. भिंत एक, दारं उलटी. एका माणसाला एकाच वेळी फुंकता आणि ओढता येत नाही. हे त्या टकल्यालाही माहीत असणार, पण अप्पांना ते मान्य नव्हतं.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षाची गोष्ट. आमच्या गल्लीच्या डोक्यावर, टेकाडावर, सिमेंटची बैठी टाकी आहे. ती ठणठणीत कोरडी होती. पाणी यायच्या आधी नळातून हवा शिट्टी मारत येते, हे आमच्याकडं तान्ह्या लेकरालाही कळतं. एका सकाळी नळानं शिट्टी मारली. समोरच्या रजियाबी ओरडल्या, “अगे पानी आरा, पानी आरा!” आणि अख्खी गल्ली घागरी, डबे, कळश्या घेऊन नळाला भिडली. ढकलाढकली झाली, दोघींच्या झिंज्या हातात आल्या. नळ शिट्टी मारतच राहिला... पण थेंब नाही. मग माझ्या लक्षात आलं, हवा कधी सुरात येत नाही. मी टेकाड चढले, टाकीचं झाकण उघडंच होतं. आत वाकून पाहिलं तर तळाशी धोतर खोचून शिवलिंगअप्पा बसलेले, तोंडात बाजा.

“काय करून राहिलात हो?” मी ओरडले. टाकीनं माझंच ओरडणं मला चारदा परत केलं.

“हळू गं! सूर मोडला ना माझा.”

“खाली बायका मारामाऱ्या करून राहिल्यात! नळातून तुमचा बाजा ऐकू येतोय.”

अप्पांनी उलट विचारलं, “कोणता सूर येतो तितवर? नी येतो का?”

मी संतापून लोखंडी शिडीनं खाली उतरले ते त्यांचा बाजा हिसकावायला. पण त्यांनी मला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं आणि फुंकलं. सा-ग-प भिंतींना लागून घुमत राहिले. ते विरायच्या आत अप्पांनी सातवं घर ओढलं. अर्धा सूर टाकीनं धरून ठेवलेला, अर्धा त्यांच्या छातीत... आणि चारही एकत्र आले. मला संगीतातलं काही कळत नाही. पण गोड गोष्टीच्या आत काहीतरी खुपत राहिलंय, असं मला तेव्हा वाटलं.

तरीही दुसऱ्या दिवशी मी पत्रक काढलं. ‘जनता तहानलेली, व्यापारी टाकीत गाणी गातो!’ त्यात त्यांच्या दुकानातल्या, टंचाईत महागलेल्या प्लास्टिकच्या टिपाडांचाही समाचार घेतला होता. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. अप्पांनी ते पत्रक दुकानात येईल त्या गिऱ्हाईकाला वाचून दाखवलं. मला म्हणाले, “गाणी न्हाई, लीडर. एकच सूरमेळ हाय. छापायच्या आधी ऐकावं माणसानं.”

आम्ही तहसीलवर रिकाम्या घागरींचा मोर्चा नेला, रस्ता अडवला, आणि टँकर आले. टाकीत पाणी पडलं. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं यश. गुलाल उधळला, सगळी गल्ली टेकाडावर आली, अप्पाही आले, घागर घेऊन. त्यांनी टाकीच्या भिंतीला कान लावला. आता ती काहीच परत देत नव्हती. म्हणाले, “बरं झालं भरली.” ते खरंच म्हणत होते. पण मग घागर तिथंच विसरून गेले. संध्याकाळी आंदोलनाच्या मांडवात येऊन त्यांनी एक जुना बाजा माझ्या हातात ठेवला. “माझी टाकी तू भरलीस ना? आता माझी टाकी तू हो.”

माझं काम एवढंच : ते चार-पाच-सहा फुंकणार, मी सातवं घर ओढायचं. एकानं श्वास सोडायचा, दुसऱ्यानं घ्यायचा. मला शिव्या बसायच्या, कारण माझी छाती भरली की मी त्याच घरात श्वास सोडायचे आणि तिथं फुंकलं की सा वाजतो. “‘नी’ला घरी जायची लई घाई असते,” अप्पा म्हणायचे. “तू त्याला सोडू नको. दम भरला तर बाजा तोंडातून काढ, पण सा वाजवू नको. तो घरी गेला की मजा गेली.” एकदा नव्या जिल्ह्याच्या धरण्यात आम्ही दोघांनी ते वाजवलं. मांडव शांत झाला. मग मागून कुणीतरी विचारलं, “पुढं काय?” अप्पा म्हणाले, “पुढं काय न्हाई. हेच हाय.” लोक खो खो हसले. फ्लेक्सवरचा फोटो त्याच दिवसाचा.

जिल्ह्याबद्दल त्यांना विचारलं की ते उखडायचे. त्यांची सासुरवाडी लातूरजवळच्या रेणापूरची. लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा त्यांनी तिथं पेढे वाटले होते. “पेढे संपले, नळ तोच हाय,” म्हणायचे. मी भांडायचे. अजूनही भांडेन, आम्हाला जिल्हा हवाच आहे. पण त्यांना माझी मदतही फार काळ पटली नाही. “तुझा दम तुझा, माझा माझा. जुळतो, पण एक होत न्हाई.” मग त्यांनी दहाव्या घराचा नाद घेतला. तिथं जीभ उचलून, गाल आत घेऊन फुंकर वाकवली की वरचा सा घसरत घसरत नी होतो. म्हणजे फुंकूनच नी! एकट्या घरात त्यांना ते जमलं. शेजारची घरं सोबत घेतली की सगळेच सूर वाकायचे आणि भांडं फरशीवर घासल्यासारखा आवाज यायचा. गिऱ्हाईक पळायचं. शेवटची भेट झाली तेव्हाही ते हेच करत होते. चेहरा काळवंडलेला, घाम. मी म्हटलं, “अप्पा, लातूरला जाऊन छाती दाखवा.” म्हणाले, “जवळ आलंय, लीडर. आत्ता सोडू?” जवळ आलेलं नव्हतं. तीच किंचाळी होती. आठवड्याभरात त्यांचं हृदय बंद पडलं.

शोकसभेत पाच जण बोलले, पाचही जणांनी ‘संघर्षाचा सूर’ म्हटलं. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी दहाव्या घराबद्दल सांगू लागले, तर चिठ्ठी आली, ‘विषयावर या.’ मी खाली उतरले आणि थेट दुकानात गेले. काकू, म्हणजे अप्पांच्या पत्नी, गल्ल्यावर बसल्या होत्या. त्यांनी मागच्या फळीवरची पितळी घागर दाखवली, अप्पा दोन्ही बाजे, त्यांचा आणि मला दिलेला, तिच्यातच ठेवायचे. “त्यांचा त्यांच्यासंगं दिला,” काकू म्हणाल्या. “आमच्या लिंगायताच्या रीतीनं बसवून माती दिली तवा मांडीवर ठेवला. तुझा हाय बघ आत.”

मी बाजा काढला, घागरीच्या तोंडाशी धरला आणि सातवं घर ओढलं. नी वाजला. खाली धरायला सा-ग-प नव्हते, त्यामुळं तो नुसताच लोंबकळत राहिला, घागरीत थोडा घुमला... काकूंनी मान वर केली. माझी छाती भरत गेली, गच्च झाली, कान तापले. ओठ त्याच घरावर होते. नुसता श्वास सोडला असता तरी सा आला असता, सगळं जागेवर बसलं असतं.

मी बाजा तोंडातून काढला. मग श्वास सोडला.