वेदीमावशीचं प्रभुभोजन

तिला सगळी मंडळी वेदीमावशी म्हणायची. तसं तिचं इस्त्रीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, गल्लीच्या तोंडाशी एक खोली, लांब टेबल, दोन इस्त्र्या आणि तारेवर लोकांचे सदरे. बोलायला फटकळ. कुणी "मावशी, कॉलर नीट नाही बसली" म्हटलं तर "मान नीट ठेवा, कॉलर बसेल" असं सुनवायची. पण रविवार आला की हीच बाई चर्चमध्ये मांजराच्या पावलांनी वावरायची. आमच्या लूथरन मंडळीच्या वेदीची वस्त्रं धुणं, खळ घालणं, बदलणं, प्रभुभोजनाचा प्याला घासणं, सगळं तिच्याकडे. तीस वर्षं. एक सुरकुती कुणी दाखवावी आणि पैज जिंकावी.

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, लागला की तिची गडबड सुरू व्हायची. राखेच्या बुधवारी वेदीवर जांभळं वस्त्र चढायचं. मग चाळीस दिवस फुलं नाहीत, हालेलुयाची गीतं नाहीत. पवित्र गुरुवारी उपासना संपली की वेदी उघडी करायची, येशूच्या मरणाच्या उत्तम शुक्रवारी काळं वस्त्र, आणि तो पुन्हा उठला त्या ईस्टरच्या पहाटे पांढरं शुभ्र, सोनेरी दोऱ्यानं भरलेलं. ते पांढरं वस्त्र ती उलट्या बाजूनं, खाली जाड पंचा घालून इस्त्री करायची, म्हणजे भरतकाम चेपत नाही. त्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक आलं तर त्याचं काही खरं नसे.

एवढं सगळं करणारी ही बाई स्वतः मात्र नऊ वर्षांत एकदाही प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या नावानं भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, बसली नव्हती. हे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, कारण तिनं त्याची सोय नामी लावून ठेवली होती. लोक वेदीपाशी गुडघे टेकायला उठले की ही वेदीमागच्या खोलीत. प्याला भर, भाकरीच्या चकत्या मोज, फडकी घडी कर. लोकांना वाटायचं, बिचारी कामात आहे, नंतर घेत असेल.

आमच्यात प्रभुभोजनाच्या आधी पाळकांकडे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंकडे, जाऊन नाव द्यावं लागतं. जुनी रीत आहे. पाळक वहीत नाव लिहितात आणि विचारतात, "कुणाशी वैर आहे का? असेल तर आधी ते मिटवून या." बाकीचे मान हलवून मोकळे होतात. वेदीमावशीला ते जमेना. वैर होतं. सख्ख्या भावाशी होतं. खोटं बोलून प्रभूच्या पानावर बसायचं, छे, ते तिच्या रक्तात नव्हतं. आणि मिटवायचं म्हणावं तर तेही तिच्या रक्तात नव्हतं! म्हातारे पाळक पहिल्या वर्षी म्हणाले, "तुझं नाव लिहू ना?" ती म्हणाली, "माझं अजून व्हायचंय." त्यांनी पुढे कधी विचारलं नाही. पोटात ठेवणारे गृहस्थ होते, आणि वही त्यांच्या कुलपात.

भांडण कशावरून? आईवरून. भाऊ तिच्याहून सहा वर्षांनी मोठा, सुतार, हात सोन्याचा. ती त्याला दादा म्हणायची आणि तो तिला चिमी. बासष्ट वर्षांची झाली तरी त्याच्या लेखी चिमीच. नऊ वर्षांपूर्वी आई वारली तेव्हा ही नेमकी लेकीच्या बाळंतपणाला दूरगावी. निरोप मिळाला तशी अंगावरच्या लुगड्यानिशी निघाली. दिवसभर प्रवास करून संध्याकाळी पोचते तर दफन होऊन गेलेलं. पेटी दादानं स्वतः केली होती आणि खिळेही त्यानंच ठोकले होते. आईचं तोंड तिला दिसलं नाही. ती नुसती मातीच्या ढिगाकडे बघत राहिली आणि मग दादाकडे वळून म्हणाली, "आजपासून तुझं तोंड बघणार नाही."

झालं. बोलली ते केलं. त्याचं नाव कुणी काढलं की हातातली इस्त्री ठेवून उठायची. त्यामुळे नाव काढायचंच लोकांनी सोडलं. दादा चर्चमध्ये अगदी मागे, दाराजवळच्या बाकावर बसे. ही पुढे, वेदीच्या कडेला. तिच्या मनात एकच सल होता आणि तो ती वर्षानुवर्षं घासूनपुसून लखलखीत ठेवायची. मी इथे आत उपाशी, आणि हा तिकडे खुशाल गुडघे टेकून भाकर घेतोय. मला आईचं तोंड दाखवलं नाही आणि प्रभूला तोंड दाखवतोय! लाज कशी वाटत नाही?

यंदा म्हातारे पाळक निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक तरुण पाळक आले. दाढी नीट फुटलेली नाही, पण माणूस कामाचा. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातल्या मंगळवारी ते दुकानात आले आणि म्हणाले, "मावशी, आजाऱ्याच्या घरी न्यायची प्रभुभोजनाची डबी तयार कराल? तुमच्या भावाकडे जायचंय."

तिचा हात थांबला. दादाच्या फुप्फुसात पाणी झालंय हे तिच्या कानावर आलं होतं. तिनं इस्त्री बाजूला ठेवली. डबी तयार केली. छोटा प्याला, बाटलीत चार घोट द्राक्षारस, दोन चकत्या. करताना मनात पुटपुटतच होती, "घे बाबा, घरपोच घे."

संध्याकाळी डबी परत आली. धुवायला म्हणून तिनं उघडली. चकत्या दोन्ही होत्या. बाटली भरलेली.

"हे काय? झोपला होता का?" तिनं विचारलं.

"नाही. त्यांनी घेतलं नाही." पाळक बाकावर टेकले. "मावशी, त्यांनीच तुम्हाला सांगायला सांगितलंय म्हणून सांगतो. त्यांनी नऊ वर्षं प्रभुभोजन घेतलेलं नाही. लोक उठले की ते मागच्या दारानं बाहेर पडायचे. म्हणाले, बहिणीशी मिटल्याशिवाय नाव कसं देऊ?"

वेदीमावशीनं भिंतीला हात लावला. नऊ वर्षं ती आतल्या खोलीत आणि तो बाहेर पायरीवर. मध्ये वेदी, वेदीवर तिनंच मांडलेलं जेवण, आणि दोन्ही बाजूंना एकाच आईची दोन पोरं उपाशी. कुणाला सांगायला गेलं तर हसेल. ती हसली नाही. तिथेच खुर्चीवर बसून पदर तोंडाला लावून रडली, आणि पाळक बिचारे कुठे बघावं ते न कळून तारेवरचे सदरे बघत राहिले.

बुधवारी दुपारीच दुकान ओढून घेऊन ती निघाली. पाळकांना बरोबर घेतलं. एकटीनं जायची छाती नव्हती.

दार वहिनीनं उघडलं. तिला बघून वहिनीचा हात कडीवरच राहिला. "वन्सं," एवढंच म्हणाली आणि बाजूला झाली. दादा खिडकीपाशी उशांना टेकून बसला होता. रंधा धरणारे ते दंड गेले होते, नुसती हाडं उरली होती. श्वास घेताना छातीत घरघर व्हायची.

"चिमे," तो म्हणाला, "किती म्हातारी झालीस गं."

"तू काय नवरदेव दिसतोयस का?" ती म्हणाली, आणि मग दोघांचाही बांध फुटला.

डोळे पुसून त्यानंच विषय काढला. "आईचं... तीन दिवस पेटी ठेवता आली असती तर मी थांबलो असतो गं. पण उन्हाळा होता, बर्फही मिळाला नाही. दुपारपर्यंतच तिचा चेहरा... तो तुला दाखवायचा नव्हता मला. तुझ्या डोळ्यांत तिचा चांगला चेहरा राहू दे म्हटलं."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"तू बोलू दिलंस का?"

खरंच होतं ते. तिनं त्याचा हात धरला. सुताराचा हात, पण आता मऊ पडलेला. "चुकलं माझं, दादा," ती म्हणाली. आयुष्यात हे दोन शब्द तिनं कुणाला म्हटले असतील तर इथेच.

पाळकांचे डोळे भरून आले होते. त्यांनी पिशवीतून डबी काढली. "मग आत्ताच घेऊ या का? दोघांनी मिळून?"

आणि इथे ही दोन भावंडं आपल्या जातीवर गेली. दादा मान हलवून म्हणाला, "आत्ता नको. असं खाटेवर, घाईघाईत नको. नऊ वर्षं मंडळीनं आम्हाला एकमेकांपासून तोंड फिरवलेलं पाहिलंय. आता सगळ्यांसमोर शेजारी शेजारी गुडघे टेकू. ईस्टरला." आणि चिमीकडे वळून म्हणाला, "आई काय करायची? लेंटचा उपास शनिवारी कुणी मोडला तर?"

"पाठीत धपाटा," वेदीमावशी म्हणाली. "उपास ईस्टरच्या सकाळीच सुटायचा."

"मग हा तर नऊ वर्षांचा आहे. नीट सोडू."

पाळक म्हणाले, "काका, हे जेवण बऱ्या झालेल्यांसाठी नसतं. आजाऱ्यांसाठीच असतं. थांबू नका."

दोघांनी त्या पोरगेल्या पाळकाकडे कौतुकानं पाहिलं आणि दोघंही हसले. चारच तर दिवस! वेदीमावशीनं तिथल्या तिथे वही मागितली, आणि पाळकांनी एकाखाली एक दोन नावं लिहिली. "कुणाशी वैर आहे का?" पाळकांनी रीतीप्रमाणे विचारलं. "नाही," दादा म्हणाला. "नाही बाई," वेदीमावशी म्हणाली. दोघांच्या अंगात वारं संचारलं होतं. कोणता सदरा घालायचा, चाकाची खुर्ची कुणाकडून आणायची, वेदीपर्यंतच्या दोन पायऱ्या कशा चढवायच्या, सगळं ठरलं. निघताना तिनं दादाचा पांढरा सदरा काखेत मारला. "असा चुरगळलेला घालून माझ्या शेजारी बसशील होय?"

गुरुवारी तिनं वेदी उघडी केली. शुक्रवारी काळं वस्त्र घातलं. दरवर्षी उत्तम शुक्रवारी तिचं मन जड असे. यंदा तिला स्वतःचीच लाज वाटली, कारण आतून आनंद होत होता. दोन्ही दिवशी ती दादाकडे जाऊन आली. शुक्रवारी त्याला जेवण गेलं नाही, पण "उपासच आहे की" म्हणून त्यानं थट्टेवारी नेलं, आणि तिनंही नेलं.

शनिवारी सकाळी ती वेदीचं पांढरं वस्त्र इस्त्री करत होती. दादाचा सदरा करून झाला होता. वहिनीचा फोन आला. "वन्सं, असाल तशा या. पाळकांनाही आणा."

तिनं पाळकांना फोन केला आणि चपला न घालताच सुटली. ती पोचली तेव्हा दादा होता. डोळे मिटलेले, श्वास लांब लांब अंतरानं. ती कानाशी वाकली. "दादा, पाळक येतायत. आपण आत्ताच घेऊ. उद्या नको. ऐकतोयस ना?" त्याच्या पापण्या हलल्या. ती दाराकडे बघायची, परत त्याच्याकडे बघायची. वहिनी पाय चोळत होती. एक श्वास आला. मग वाट पाहिली तरी पुढचा आलाच नाही.

पाळक धापा टाकत जिना चढून आले, हातात डबी. त्यांना सांगावं लागलं नाही. ते उंबऱ्यातच उभे राहिले.

"बुधवारी तुम्ही सांगत होतात," वेदीमावशी म्हणाली. "आम्ही दोघं हसलो तुम्हाला."

दादाला आंघोळ घातली, तो इस्त्रीचा सदरा घातला. दफन सोमवारी ठरलं, तोवर इस्पितळाच्या शवागारात ठेवायचं. वहिनी म्हणाली, "वन्सं, उद्या तुम्ही नका जाऊ. वस्त्र दुसरं कुणी घालेल." पण संध्याकाळी ती दुकानात परतली आणि अर्धं राहिलेलं वस्त्र पुरं केलं. डोळ्यांतलं पाणी त्यावर पडू नये म्हणून मध्येमध्ये मागे सरकत होती.

ईस्टरच्या पहाटे वेदीवर पांढरं चढलं, फुलं आली. चाळीस दिवस गप्प असलेली मंडळी हालेलुया म्हणून उठली. चर्च दणाणलं. वेदीमावशीनं गीतांचं पुस्तक मिटलेलंच ठेवलं. मग प्रभुभोजन आलं. लोक उठले. पाळकांनी तिच्याकडे पाहिलं. आज ती आतल्या खोलीत गेली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं.

ती गेली नाही. दोन पायऱ्या चढून वेदीच्या कठड्याशी गुडघे टेकून बसली, आणि उजवीकडे एका माणसाची जागा सोडली. मागून येणाऱ्यांना कळलं होतं. तिथे कुणी बसलं नाही.

पाळक भाकर घेऊन समोर आले. "हे ख्रिस्ताचं शरीर, तुमच्यासाठी दिलेलं."

तिनं तोंड उघडलं नाही. रांग थांबली. पाळक खाली वाकले.

"पाळकसाहेब," ती हळूच म्हणाली, "दादा घरी आल्याशिवाय मी कधी पानावर बसले नाही. लहानपणी आई मारायची तरी नाही बसले."

पंचविशीतला पोरगा तो, त्याला काय सुचणार? पाळकांचा हात तसाच पुढे राहिला. मग ते पुन्हा एवढंच म्हणाले, "तुमच्यासाठी."

आणि नऊ वर्षांचा उपास वेदीमावशीनं तिथे सोडला, दादाच्या आधी, एकटीनं.