साड्या धरत शिखरापर्यंत

तुम्ही कधी देवळाच्या शिखराला हात लावलाय? नाही ना? आमच्या परांचीवाल्या काकांच्या बायकोने लावलाय. तोही कोणाची परवानगी न घेता.

उत्सवाच्या आधी आमचं देऊळ धुतात. देऊळ इतकं जुनं की ते बांधलं कोणी, यावर अजून भांडणं होतात. पायापासून कळसापर्यंत तळहाताएवढा दगड कोरा सापडायचा नाही. धुणाऱ्यांना उभं राहायला काका बांबूची परांची बांधतात. काथ्याचे दोर काकू आदल्या दिवशी भिजत घालतात, म्हणजे वाळताना गाठ आवळते. आणि बांबू जिथे दगडाला टेकतो तिथे काका काकूंची जुनी साडी गुंडाळतात. मूर्तीला ओरखडा जाता कामा नये.

"पोरींना गोधडी शिवायला एक साडी उरू दिली नाही या माणसाने," काकू मला सांगायच्या.

"अगं, वर एक दगडाची बाई आहे," काका म्हणायचे. "थेट तुझ्यासारखी."

"थापा! खालून कोणाला दिसतेय?"

अख्खा संसार या वादात गेला. यंदा काकांचे पाय वर थरथरायला लागले. पुढच्या वर्षी लोखंडी पाइप येणार, बाहेरची माणसं ते लावणार. धुणं संपलं होतं, काका गाठी सोडायला वर चढले होते. काकूंना ती बाई बघायची तर आत्ताच, नाहीतर कधीच नाही. पण मॅनेजर सोडणार नाही, म्हणून त्यांनी भांडायला मला बोलावलं. मी गेले ती तावातच.

देवळाचा मॅनेजर म्हणाला, "वर फक्त कामगार जातात."

"मग या काकू कोण, पाहुण्या? दोर काय तुमची आजी भिजवते?"

"ताई, आवाज खाली."

"खाली घेणार नाही! आधी शिडी मोकळी करा!"

आमची चांगलीच जुंपली. मागे वळून बघते तर काकू गायब. पदर खोचून बाई सभामंडपाच्या छपरापर्यंत पोचल्या होत्या. मॅनेजरचा आ वासलेला. मीही चपला भिरकावल्या आणि मागोमाग चढले.

अर्ध्यावर काकू थिजल्या. बांबूला मिठी मारली, डोळे गच्च मिटले.

वरून काका ओरडले, "खाली बघू नको! समोर काय गुंडाळलंय ते सांग."

एक डोळा उघडला. "हिरवी. थोरलीच्या लग्नातली."

"तिच्या वर?"

"जांभळी... अहो! ही उंदरांनी खाल्ली म्हणून सांगितलं होतंत ना?"

"ये वर, मग भांड."

एकेक साडी धरत, काकांचा उद्धार करत, काकू वर पोचल्या.

मी तर सभांमधून घसा फोडून बोलणारी बाई. वर गेले आणि भांडण विसरून बघायलाच लागले. भिंतीकडे तोंड केलेली हत्तींची रांग, आणि शेपटीचा केस न् केस सुटा. दोन थरांच्या सांदीत एक नर्तकी, तिच्या पाठीवर वेणीचे पेड मोजून घ्यावेत. खालचा एकही डोळा जिथे कधी पोचणार नाही, तिथे! कोणासाठी केलं असेल हे? कुठल्याही कामाला मी पहिला प्रश्न हाच विचारते. तिथे विचारायची हिंमत झाली नाही.

कोपऱ्यात ती बाई होती. कमरेवर घागर, एक हात घाम पुसायला कपाळाशी नेलेला. पण चेहरा पावसाने पार धुऊन नेलेला. नाक नाही, डोळे नाहीत.

"अहो, हिला तोंडच नाही!"

"आहे की," काका म्हणाले. "मला दिसतं."

काकू जवळ सरकल्या. मग दगडाच्या त्या हाताकडे बघत पुटपुटल्या, "बिचारीचा घाम पुसून झालाच नाही अजून." आणि आपल्या पदराने त्यांनी ते कपाळ हलकेच पुसलं.

संध्याकाळी परांची उतरली. जांभळी साडी तेवढी काकूंनी मागून घेतली.

तुमच्याकडे देवळाला परांची लागलेली दिसली, तर नुसता फोटो काढून पळू नका. खाली दोर भिजवत बसलेल्या बाईला विचारा, "काकू, वर जायचंय का?" मॅनेजर आडवा आला तर मला बोलवा.