पेंड बांधलेला कागद

कल्याणात आमचा तेलाचा घाणा होता. बैल दोन होते. त्यातला एक मेला तेव्हा दुसरा घेण्याची आमची ऐपत नव्हती. जो उरला तो म्हातारा. दुपारी एकदा बसला की काही केल्या उठत नसे. मग वडील त्याच्या जागी स्वतः जुंपून घेत आणि आई मागून घाण्याचं आडवं लाकूड ढकलीत असे. हे मी कोणाकडून ऐकलेलं सांगत नाही. घाण्यात बी सारायला मीच उभा असे आणि फेऱ्याफेऱ्याला वडिलांचं तोंड माझ्यासमोरून जाई.

गावात घासलेटाचे डबे आल्यापासून दिव्याचं तेल मागायला कोणी येईना. खाण्याचं तेल खपायचं, पण तेही आमच्या घाण्यातून पूर्वीइतकं पडत नव्हतं. वडिलांचा आधी घासलेटावर राग. मग त्यांना संशय आला मोहने-आंबिवलीकडून खुरासणी आणणाऱ्या शेतकऱ्यांचा, की हे लोक ओलं बी गळ्यात मारतात. मग शेजाऱ्याच्या नजरेचा. संशय हा आमच्या घराण्याचा गुण आहे. मी तो वडिलांकडून घेतला आणि त्याची मला लाज वाटत नाही. पुढे तोच कामी आला.

मराठी शाळेत माझा नंबर वर असे. म्हणून मास्तरांनी वडिलांना समजावून मला ठाण्याच्या इंग्रजी शाळेत घालायला लावलं. ठाण्यात आमच्याच जातीचे एक गृहस्थ कोर्टात पट्टेवाले होते. त्यांच्या बायकोला मी आत्या म्हणत असे, नातं फार लांबचं. त्यांच्या पडवीत माझी वळकटी पडली. जेवण त्यांच्याकडे, आणि त्याबदल्यात विहिरीचं पाणी भरायचं. शनिवारी दुपारी कल्याणला घरी जायचं, रविवारी संध्याकाळी परत. ही पडवी होती म्हणून माझी शाळा होती. पडवी गेली असती तर मी घाण्याला लागलो असतो, बैलाच्या जागी. हे वडिलांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण जू भिंतीला टेकवून ठेवलेलं असायचं आणि मला ते दिसायचं.

इंग्रजी दुसरीत असताना माझं तोंड बिघडलं. कपाळ, नाक आणि हनुवटी सकाळी धुतली तरी शाळेत पोचेपर्यंत चकचकीत. मग पुटकुळ्या आल्या, त्या पिकल्या, गालावर डाग राहिले. वर्गात मुलांना निमित्तच हवं होतं. सकाळी सकाळी तेल्याचं तोंड दिसू नये असं मानणारी ती घरं. त्यांच्या पोरांनी माझ्या कपाळावर वात लावली तर दिवा पेटेल असा शोध लावला. मी मनावर घेत नसे. परीक्षेचा निकाल लागला की ती आपोआप गप्प बसत.

पण औषधं सांगणारे मात्र मी मनावर घेतले, आणि प्रत्येकावर संशय ठेवून. शेजारच्या बाकावरचा मुलगा गोड आवाजात म्हणाला की लिंबू चोळ. चोळलं. दोन दिवस गाल भाजल्यासारखा झाला. तो मुद्दाम म्हणाला की अजाणता, ते आजही मी ठरवू शकलेलो नाही. बाळकुमहून भाजी घेऊन येणाऱ्या बाईने खाडीचा काळा चिखल लावायला सांगितलं आणि सांगताना पदर तोंडाला लावला. तो मी लावला नाही. वैद्यांनी पुडी दिली; पुडीत काय आहे विचारलं तर, तुला कळून काय करायचंय, म्हणाले. ती पुडी मी उघडलीसुद्धा नाही.

गणपतीच्या सुमारास आत्याने माझं ताट वेगळं केलं. तांब्याही वेगळा. तिला दोन लहान मुली होत्या. आळीतल्या कोणीतरी तिच्या कानात घातलं होतं की हा साधा रक्तदोष नव्हे, महारोगाची सुरुवात अशीच होते. तिने मला आडून काही सांगितलं नाही, समोर बसवलं.

"हे बघ, तू पोरगा चांगला आहेस. पण दिवाळीपर्यंत तोंड साफ झालं नाही, तर तुझी वळकटी मीच बांधून देईन. राग मानू नको."

"आणि शाळा?"

"माझ्या पोरींची लग्नं व्हायची आहेत रे," ती म्हणाली आणि उठून गेली.

त्या शनिवारी घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, एवढंच ना, आणि पेंडीचा एक तुकडा फोडून पाट्यावर वाटायला बसली. आमच्यात हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. अंगाला तेल फार झालं की पेंड चोळायची. वडिलांचं म्हणणं असं, की पेंड म्हणजे तेल पिळून काढलेलं बी, ते तहानलेलं असतं, जिथे तेल दिसेल तिथून ओढून घेतं. आणि आपल्या घाण्याच्या पेंडीत तर तेलाचा थेंब सापडायचा नाही, हे त्यांचं वाक्य मी बाराखडीच्या आधी शिकलेलो. आईने पुडी बांधून दिली. सकाळ-संध्याकाळ चोळ, पाव घटका राहू दे, मग धू.

आत्यानेही, तिच्या मनात काही असो, हरभऱ्याच्या डाळीचं पीठ वाटीत काढून दिलं. ते दुपारी लावत जा म्हणाली. मी दोन्ही करू लागलो. घरच्या पेंडीवर माझा पूर्ण विश्वास. आत्याच्या पिठावर अजिबात नाही.

तीन आठवडे झाले. तोंड पहिल्यापेक्षा वाईट. मग मी विचार केला की मला इथून घालवणं कोणाच्या सोयीचं आहे? आत्याच्या. पीठ कोणाचं? आत्याचं. त्या पिठात तिने चमचाभर तेल कालवलं असलं पाहिजे, म्हणजे दिवाळीला वळकटी बांधायला निमित्त तयार. आज हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तेव्हा मला यात रतीभर शंका नव्हती. पुरावा तेवढा हवा होता.

तेलाचा पुरावा कागद देतो हे तेल्याच्या मुलाला शिकवावं लागत नाही. मी वहीची दोन कोरी पानं फाडली. एकात आत्याचं पीठ बांधलं. नुसतं त्याचंच बांधलं तर ती म्हणेल की सगळ्याच पिठाला थोडं तेल सुटतं, म्हणून शेजारी ठेवायला दुसऱ्यात आईची पेंड बांधली, निर्दोष वस्तू म्हणून. दोन्ही पुड्या पडवीच्या उन्हात विटेखाली ठेवल्या.

संध्याकाळी उघडल्या. आत्याचा कागद कोरडा, खडखडीत. आईचा कागद असा पारदर्शक झालेला, की खाली बोट धरलं तर नख दिसावं.

मी काय केलं? आत्यावर आणखी एक आरोप ठेवला. मी शाळेत असताना तिने पुड्या बदलल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधल्या आणि या वेळी शाळेत बरोबर नेल्या, दिवसभर खिडकीच्या उन्हात, माझ्या नजरेसमोर. या खेपेला पेंड जुन्या निबंधाच्या कागदात बांधली होती. चार वाजता उघडली तर निबंधाच्या मागच्या बाजूची ओळ पुढच्या ओळींमधून वाचता येत होती. आत्या तिथे नव्हती. मी होतो आणि पेंड होती.

शनिवारी कल्याणला गेलो. वडील घाण्याजवळ बसून घाम पुसत होते. मी निबंधाचा कागद त्यांच्यापुढे धरला आणि सांगितलं, पेंडीत तेल राहतंय.

त्यांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "सात पिढ्यांत आमच्या पेंडीकडे कोणी बोट दाखवलं नाही. तू चार इंग्रजी बुकं वाचलीस आणि दाखवतोस?"

"मी नाही दाखवत, बाबा. कागद दाखवतोय."

"कागदाला काय कळतं घाण्यातलं?"

आई उठली. तिने आत जाऊन ताजी, त्याच दिवशीची पेंड आणली, वाण्याकडून आलेल्या पुडीच्या कागदात गुंडाळली, खाली ठेवली आणि वर घरातला वरवंटा टेकवला. आम्ही तिघं बसून राहिलो. वडील मध्येच उठले, बैलाला पाणी दाखवून आले. ऊन उतरलं तशी आईने पुडी सोडली आणि कागद वडिलांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरला. बराच वेळ धरला.

मग ते हळूच म्हणाले, "म्हणून तो गवळी."

आमच्या गल्लीच्या टोकाला एक गवळी राहायचा. पेंड निघाली की तो सगळ्यांच्या आधी दारात. तुमच्या पेंडीवर म्हशीचं दूध लोण्यासारखं दाट येतं, असं तो दर खेपेला सांगायचा, आणि वडिलांना ती घाण्याची स्तुती वाटायची. दोन वर्षं आमचं तेल त्याच्या म्हशी खात होत्या आणि उरलेलं मी तोंडाला लावत होतो.

वडिलांनी त्याच संध्याकाळी घाण्यात हात घातला. उखळाच्या आतून लाकडाचे तुकडे बसवलेले असतात. बी त्यांच्यावर दाबलं जाऊन तेल सुटतं. ते तुकडे इतके झिजले होते की बी नुसतं फिरत होतं, पिळलं जात नव्हतं. ओलं बी नव्हे, नजर नव्हे. घासलेटाचा दोष होता, पण अर्धाच. मेलेला बैल काय, ते स्वतः काय, झिजलेल्या लाकडाभोवती फिरत राहिले होते. त्यांनी दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावलं. मी निघताना त्यांनी तो निबंधाचा कागद मागून घेतला आणि देवामागे ठेवला.

ठाण्याला परतल्यावर मी पेंड बंद केली आणि आत्याच्या पिठाकडे पहिल्यांदा सरळ नजरेने पाहिलं. तरी पारख सोडली नाही. प्रत्येक गोष्ट एका गालाला चार दिवस लावायची, दुसरा गाल नुसत्या पाण्यावर ठेवायचा आणि दुपारी दोन्ही गालांना टीपकागद लावून बघायचा. हरभऱ्याचं पीठ चांगलं निघालं. मसुराचं त्याहून बरं. ताज्या ताकात कालवून लावायचं, सुकून ओढ बसायच्या आत धुवायचं. सुकू दिलं तर कातडी उलट जास्त तेल सोडते. कडुलिंबाचा पाला उकळून त्याच्या गार पाण्याने तोंड धुणं पुटकुळ्यांना मानवलं. तोंड दिवसातून दोनदाच धुवायचं, पुसायचा पंचा रोज उन्हात घालायचा, पुटकुळी फोडायची नाही. आणि शेवटचं, जे घरी सांगायला मला सगळ्यात जड गेलं, डोक्याला तेल थापणं सोडायचं. केसांतलं तेल कपाळावर उतरतं हे टीपकागदाने सांगितलं. आई म्हणाली, "तेल्याचं पोर आणि डोकं कोरडं, लोक म्हणतील घाणा बुडाला." मग तिनेच तोडगा काढला, रविवारी रात्री बोटभर लाव, सोमवारी रिठ्याने धू.

फरक एका रात्रीत पडला नाही. दसऱ्याला आत्या माझ्याकडे नुसती बघून गेली. दिवाळीच्या आदल्या दिवशी तिने मला अंगणात उजेडात उभं केलं, हनुवटी धरून तोंड इकडून तिकडे फिरवलं. डाग होते, पण नवीन काही नव्हतं. तरी तिची खात्री होईना. म्हणाली, तुझा तो कागद आण. मी टीपकागद दिला. तो तिने स्वतः माझ्या कपाळावर दाबला आणि सूर्याकडे धरून पाहिला. कागद जवळपास कोरडाच होता.

"माझ्या पिठाचा पण असाच कागद केला होतास ना? मला सगळं दिसत होतं."

मी कबूल केलं.

"वीट माझी, ऊन माझं, आणि संशय माझ्यावरच," ती म्हणाली. त्या दिवाळीला माझं ताट पुन्हा सगळ्यांच्या पंगतीत आलं.

कल्याणला घाणा नीट पिळू लागला. गवळ्याने पेंड बिघडली म्हणून तक्रार केली, आणि वडिलांनी ती तक्रार गावभर सांगितली. पुढच्या वर्षी तरणा बैल आला. जू बैलाच्याच मानेवर राहिलं. त्या पडवीत मी आणखी पाच वर्षं काढली, तिथूनच मॅट्रिक झालो, मुंबईला कॉलेजात गेलो आणि बी. ए. पास झालो. आमच्या घरात याआधी कोणी सही करत नव्हतं.