द्रावाचे लाल दगड

नदीतले दगड मोजण्यात जिचा जन्म गेला, तिला लोक काय म्हणणार? गावच्या बाजारात नेवेंका सबोलिचला 'दगडवाली' म्हणत, आणि राजधानीत, झाग्रेबला, तिच्या नदी-संशोधन संस्थेत, पाठीमागे, त्याहून वाईट. तिला दोन्ही ठाऊक होतं.

तिचं म्हणणं काही फार अवघड नव्हतं. द्रावा नदीवर वरच्या अंगाला धरणं झाली आणि डोंगरातली खडी खाली येईनाशी झाली. नदी उपाशी राहिली नि स्वतःचाच तळ खरवडून खाऊ लागली. पात्र खोल गेलं, तशा काठच्या विहिरी आटल्या. हे तिने निबंधांतून मांडलं, समित्यांपुढे घसा कोरडा होईपर्यंत मांडलं. समित्या कॉफी पीत नि म्हणत, "बाई, अजून एका वर्षाची मापं आणा." ती आणायची, तोवर समिती बदललेली असायची. हाताखालची हुशार पोरं कंटाळून ऑस्ट्रियात नोकरीला गेली. नेवेंकाचे केस पिकले, गुडघे गेले, आणि नदी आणखी हातभर खाली गेली.

या वर्षी तर आग दारातच आली. तिच्या स्वतःच्या गावापाशी खडीचं मोठं बेट आहे, ते एका कंपनीला उपसायचं होतं. कंपनीचा तज्ज्ञ म्हणे, नदी दर पुराला नवी खडी आणते, काढली तरी भरून निघते. नोव्हेंबरात सुनावणी होती. सप्टेंबरात नेवेंकाने बेटावरचे शेकडो दगड लाल रंगवले, प्रत्येकावर आकडा घातला आणि पाण्याच्या कडेने रांगेत मांडले. पूर आला की कुठला दगड किती सरकला ते बघायचं. थोडेच सरकले, तर धरणांनी अडवलेल्या पुरात तळची वाळू खरवडण्यापुरतीच ताकद उरली आहे, खडी वाहून आणायची नाही, हे सिद्ध होणार होतं, आणि बेट वाचणार होतं. अग्निशामक दलाच्या सभागृहात तिने गावाला बोलावून सांगितलंही, "आता इथून गेलेला दगड परत यायचा नाही." त्यांना हात लावू नका, एवढं सांगायचं तिला सुचलं नाही. दगड कोण कशाला नेईल?

ऑक्टोबरच्या अखेरीस पूर आला नि ओसरला. नेवेंका झाग्रेबहून आली आणि गमबूट चढवून बेटावर उतरली. रांगेच्या जागी एकही दगड नव्हता. चार-दोन वाळूत गाडले गेले असते तर समजण्यासारखं होतं. खालच्या वळणापर्यंत तिने चिखल तुडवला, लाल ठिपका म्हणून दिसला नाही. म्हणजे नदीने सगळेच्या सगळे लांबवर नेले होते. मग तो तज्ज्ञच खरा, आणि हिची तीस वर्षं पाण्यात. तिने नदीला आईवरून शिवी हासडली आणि चिखलातच बसून रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सर्वसंतांचा सण होता. तिच्या म्हाताऱ्या आईने (बारा तिचं नाव) शेवंतीची कुंडी तिच्या हातात दिली आणि तिला दफनभूमीत नेलं. सणाच्या आधी कबरींवर नदीची पांढरी खडी नव्याने पसरायची, ही गावची जुनी रीत. या वर्षी कबरीकबरीवर त्या पांढऱ्या खडीत लाल दगडांचा क्रूस होता. दगडांवर नेवेंकाच्या हातचे आकडे होते.

"हे काय केलंत तुम्ही?"

"वाचवले," बारा म्हणाली. "रेडिओवर पुराचं ऐकलं नि अख्खं गाव बादल्या घेऊन धावलं. गेलेला दगड परत यायचा नाही, असं तूच म्हणालीस ना? तुझ्या बापाला सगळ्यांत मोठे घातलेत बघ."

"अगं आई, ते वाहायलाच ठेवले होते."

"वाहायला? मग इतके छान रंगवलेस कशाला?"

नेवेंकाचा तोल गेला. "तीस वर्षं कुत्रं विचारत नव्हतं मला. ऐकलं ते तुम्ही, आणि तेही नेमकं याच वर्षी."

शेजारच्या कबरीवर मियो दिवा लावत होता. गावच्या अग्निशामक दलाचा हा जुना नाईक. तो गुडघ्यावर हात टेकून उठला. "डोकं का फोडून घेतेस, पोरी? उद्या सकाळी आम्ही सगळे दगड होते तिथे नेऊन लावतो. आकडे आहेतच. पूर आला, दगड हलले नाहीत, असं लिहून टाक. गाव साक्ष देईल. ती कंपनी काय धुतल्या तांदळाची आहे?"

नेवेंकाने वाकून एका दगडावरच्या आकड्याची धूळ अंगठ्याने पुसली. दगड हलले नसते, याची तिला शंभर टक्के खात्री होती. मियोने सुचवलेल्या वाक्यात तिच्या मते एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त ते नदीने सांगितलेलं नव्हतं.

"नको, मियोकाका. दगड गावाने उचलले, माप झालं नाही, असंच लिहावं लागेल."

"मग हरशील की."

"हरेन."

मियो पुन्हा आपल्या दिव्याकडे वळला. बारा मात्र कण्हत खाली वाकली आणि नवऱ्याच्या कबरीवरचा क्रूस उचकटायला लागली. "ने बाई तुझे दगड. आम्हाला कुठे माहीत होतं."

नेवेंकाने तिचा हात धरला आणि निघालेला दगड पुन्हा जागेवर दाबून बसवला.

"राहू दे, आई," ती म्हणाली. "इथले तरी कुणी उपसणार नाही."