धरण, मॅडम आणि आमची गुप्त भाषा

जबलपुरात मराठीचा आम्हाला एक मोठा उपयोग आहे: माणसासमोर बसून त्याच्याचबद्दल बोलता येतं. सराफ्यात सोनार प्रेमाने चहा पाजत असतो आणि आम्ही नवराबायको त्याच्याकडे बघून हसत हसत म्हणतो, "हा लुबाडून राहिला, चल." तीन पिढ्यांत कधी दगा झाला नाही.

गेल्या वर्षी रेवाच्या, म्हणजे आमच्या सातवीतल्या मुलीच्या शाळेने फर्मान काढलं. मुलांनी विज्ञानाचं मॉडेल स्वतः बनवायचं आणि बनवतानाचा व्हिडिओ वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा. निवडलेली मुलं भोपाळच्या प्रदर्शनाला जाणार! रेवाने त्याच दिवशी बॅग काढून ठेवली.

मी बरगी धरण बनवलं. (होय, मीच. रेवाला फक्त थर्माकोल धरायला दिला होता, तोही तिने वाकडा धरला.) मग तिच्या हातात कोरडा ब्रश दिला आणि मोबाइलवर शूटिंग सुरू केलं.

"नुसता फिरव! टेकवू नको, तीन दिवस मरून राहिलो मी त्याच्यावर!"

"पर बाबा, मॅम ने खुद बनाने को बोला है।"

"तिवारी मॅडमला काय कळतं? त्यांना स्वतःला तरी येतं का धरण बनवता? सगळ्यांचे बापच करून राहिले. तू हास!"

मागून बायको म्हणाली, "अहो, त्यातला आवाज तरी काढा."

"काहून? मराठीच तर आहे!"

व्हिडिओ टाकला. पाच मिनिटांत चौदा अंगठे आले. एका आईने लिहिलं, "भाईसाहब पीछे मंत्र पढ़ रहे हैं क्या?" मी खुशीत हात जोडलेलं चित्र पाठवलं. तेवढ्यात तिवारी मॅडमचा व्हॉइस मेसेज आला, सगळ्या ग्रुपसमोर.

"भाऊ, तिवारी मी लग्नानंतर झाली. माहेर माझं नागपूरचं. धरण मला येत नाही, खरं आहे. पण आता रेवाला बनवू द्या. उद्या संध्याकाळपर्यंत नवा व्हिडिओ पाठवा, नाहीतर तिचं नाव कटलं समजा. आणि तुम्ही तिच्या मागे बसा, म्हणजे मला दिसाल."

रेवा बॅगेला बिलगून रडली. मला फार लाज वाटली. (बायकोला वाटली नाही, ती आवाज काढायला सांगून मोकळी झाली होती.)

दुसऱ्या दिवशी रेवाने एकटीने धरण बनवलं. भिंत तिरकी, रंग भलताच, पण पाणी ओतलं तर एक थेंब गळला नाही. माझ्या धरणातही ओतून पाहिलं. पलंगाखालच्या चपला बाहेर आल्या.

रेवा भोपाळला जाऊन आली. त्या दुसऱ्या व्हिडिओत मी मागे तोंडावर बोट ठेवून बसलोय. त्याला बावन्न अंगठे मिळाले. आयुष्यभर बोलत आलो, पण इतकी दाद मला कधी मिळाली नव्हती!