दिवाणजींची थोरली

संग्रहालयातल्या त्या रखवालदाराला सगळे दिवाणजी म्हणत, कारण वरच्या मजल्यावरच्या राणीच्या खोलीचा कारभार त्यांच्याकडे होता. राणी म्हणजे काचेच्या पेटीत निजलेला सांगाडा. उत्खननात उशाशी राणीच्या नावाची मातीची मुद्रा सापडली, म्हणून ती राणी. रोज संध्याकाळी काचेवरचे पोरांच्या बोटांचे, नाकांचे ठसे पुसताना दिवाणजी तिच्याशी दोन शब्द बोलत. बायको तिला ‘तुमची थोरली’ म्हणे. उशीर झाला की विचारी, "सोडलं का थोरलीनं?" मूलबाळ नव्हतं. त्या घरात चेष्टेचा विषय तेवढाच होता, आणि दोघंही तो जपून वापरत.

नव्या अधिकारी बाईंनी उत्खननाचे जुने फोटो बारकाईनं पाहिले. मुद्रेभोवतीची माती वेगळ्या रंगाची होती. ते उंदराचं बीळ होतं. मुद्रा वरच्या थरातून बिळावाटे कबरीत घसरली असणार. हाडं तपासून घेतली, त्यातूनही नक्की काही निघालं नाही.

"डोंगर पोखरून उंदीर निघतो म्हणतात," कारकून म्हणाला, "आपल्याकडे उंदरानंच पोखरून राणी काढली."

दिवाणजी हसले नाहीत. पेटीवरची ‘राणी’ची पाटी उतरणार, हाडं तळघरात जाणार, हे कळल्यावर ते बाईंच्या टेबलापुढे जाऊन उभे राहिले. उभ्या नोकरीत त्यांनी काही मागितलं नव्हतं. पाटी राहू द्या, पुढे फक्त ‘असावी’ लिहा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. बाईंनी त्यांना बसवलं, चहा मागवला. तेव्हाच दिवाणजींना उत्तर कळलं.

"ती राणी नव्हतीच असं मी म्हणत नाही, दिवाणजी. पण होती म्हणायला आता हातात काय उरलंय?"

"मग होती कोण?"

"ते आता कळायचं नाही."

हाडांचं लाकडी खोकं त्यांनीच तळघरात नेऊन ठेवलं. त्यावर नुसता क्रमांक होता. निघताना दोन शब्द बोलावेत म्हणून ते थांबले. पण हाक काय मारायची, तेच सुचेना.

घरी बायकोनं त्यांचा चेहरा पाहिला आणि थोरलीचं नाव काढलं नाही. दुसरं बोलायला काही नव्हतं. दोघं जेवायला बसली.

पुढे वरच्या मजल्यावर कुणी फिरकेना. संध्याकाळी दिवाणजी सवयीनं फडकं काढत. रिकाम्या पेटीच्या काचेवर एकही ठसा नसे. तरी ते ती पुसत.