घाटात न उचललेला फोन

दाजींचा फोन आला तेव्हा मी धारूरच्या घाटात होतो. गाडीत ऊस, मागं जोडलेल्या ट्रॉलीत ऊस, गिअर पहिला. फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला... त्यांचंच नाव होतं. मी उचलला नाही. माथ्यावर गाडी लावली, सवयीनं उतरून मागच्या अ‍ॅक्सलच्या हाउसिंगला हात लावून ते लोखंडी कवच किती तापलंय ते पाहिलं आणि मग फोन केला. तो अक्कानं घेतला. छातीत कळ आली होती. केजला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्याला एक पाहुणे सगळ्यांसमोर म्हणाले, "मरणाऱ्या माणसाचा फोन उचलायला हात न्हवता का तुला?" आज इथं उत्तर देतो, कारण ते दाजींचंच आहे.

दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे, अक्काचे यजमान. गुडघे गेल्यावर त्यांनी गाडी माझ्या हातात दिली. रस्ते चांगले झाले तसे सगळ्यांनी अ‍ॅक्सलमधले क्राऊन, म्हणजे चाकं फिरवणारी दातेरी चक्रं, बदलून घेतले. क्राऊनला दात कमी असले की सपाटीला गाडी पळते, डिझेल वाचतं. जास्त असले की चाक हळू फिरतं, पण ओढ वाढते. मीही हट्टानं पळणारा क्राऊन बसवला. दिंद्रुडपर्यंतच्या सपाटीला राजा होतो. घाटात अर्ध्यावर इंजिनाचा दम गेला, क्लच जळायचा वास सुटला आणि ट्रॉली गाडीला मागं ओढू लागली. शेजारी बसलेले दाजी त्या गुडघ्यांनिशी उडी टाकून उतरले आणि चाकामागं दगड सारला. मग धापा टाकत म्हणाले, "पळायचं तर घोडं घे बे. ही ओढायला हाय."

दुसऱ्याच आठवड्यात जुना क्राऊन परत बसला. धाब्यावर पोरं हसायची, "आली दाजींची गोगलगाय." दाजी म्हणायचे, "गोगलगाय कधी मागं घसरल्याली बघितली का?" मलाही त्यांनी बजावलं होतं, "भरल्या गाडीला घाटात गिअर बदलायचा न्हाई, थांबायचं न्हाई. मी मेलो तरी न्हाई. काय आसंल ते वर गेल्यावर."

फोन उचलायला थांबलो असतो, तर मागून येणाऱ्यांच्या अंगावर ती ट्रॉली गेली असती. म्हणून फोन उचलला नाही, याची माफी मी कुणाकडंही मागणार नाही. मला खातं ते वेगळंच. वर पोचल्यावर आधी हाउसिंगला हात लावला, फोन मागून केला. त्या वेळात ते होते का...

हे फक्त अक्काला सांगितलं. तिनं विचारलं,

"गाडी भरल्याली होती?"

"होती."

"मग कावून रडतूस? मधी थांबला आसतास तर त्येंनीच तुला शिव्या घातल्या आसत्या."

आता तेच पाहुणे म्हणतात, गाडी विका, नाहीतर निदान पळणारा क्राऊन तरी टाका. दोन्ही होणार नाही. घाट चढून आलो की मी दाजींना फोन करायचो. तो अजूनही त्याच नंबरवर करतो.

"चढली," मी सांगतो.

"हात लावून बघितलास का?" अक्का विचारते.

"न्हाई अजून. आधी फोन केला."